मरांग गोमके जयपालसिंग मुंडा

लोकशाही म्हणजे बहुमताचे राज्य, ही व्याख्या शाळेतल्या मुलालाही पाठ असते. परंतु या सोप्या व्याख्येच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. जो समाज आज संख्येने थोडा आहे आणि उद्याही थोडाच राहणार आहे, त्याने या राज्यात आपला शब्द कसा राखावा? अशा समाजाचा प्रतिनिधी सभागृहात उभा राहतो, तेव्हा हात वर करून मोजण्याची वेळ आली की आपण हरणार, हे त्याला आधीच ठाऊक असते. मग त्याने बोलायचे कशाच्या बळावर? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांपेक्षा माणसांच्या चरित्रांत अधिक स्पष्ट सापडते. आपल्या देशाच्या अलीकडच्या इतिहासात असे एक चरित्र आहे, ते छोटा नागपूरच्या जयपालसिंग मुंडा यांचे.

१९ डिसेंबर १९४६ हा दिवस. दिल्लीत घटना समितीचे पहिले अधिवेशन चालू होते. पंडित जवाहरलाल नेहरूंनी सहा दिवसांपूर्वी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा होत होती. सभागृहात नामांकित कायदेपंडित होते, संस्थानांचे दिवाण राहिलेले मुत्सद्दी होते, तुरुंगवास भोगून आलेले देशभक्त होते. अशा सभेत बिहारमधून आलेले एक सभासद उठले आणि आपण एक जंगली माणूस म्हणून बोलत आहोत, असे म्हणाले. ठरावातले कायदेशीर बारकावे आदिवासी माणसाला कळावेत अशी कोणाची अपेक्षा नसते. परंतु स्वातंत्र्याच्या वाटेवर सर्वांनी बरोबर चालले पाहिजे, एवढे आपल्या लोकांच्या साध्या समजुतीला कळते, असे त्यांनी सांगितले. पुढे त्यांनी सभागृहाला आणखी एक गोष्ट ऐकवली. आदिवासींना लोकशाही शिकवण्याचे कारण नाही, लोकशाहीची रीत त्यांच्याकडूनच शिकण्यासारखी आहे, असा त्या बोलण्याचा आशय होता. या सभेत पुरुष फार झाले आहेत, स्त्रिया अधिक हव्यात, हेही सांगायला ते विसरले नाहीत.

स्वतःला जंगली म्हणवणारा हा गृहस्थ ऑक्सफर्डचा पदवीधर होता. त्याच्या इंग्रजीला तिथल्या विद्यापीठाचे वळण होते. अठरा वर्षांपूर्वी भारताचा हॉकीचा संघ प्रथमच ऑलिंपिकला गेला, त्याचा तो कर्णधार होता. तुच्छतेने उच्चारल्या जाणाऱ्या एका शब्दाला त्याने सभागृहात स्वतःहून मान दिला आणि त्यातील विष काढून घेतले. या एका कृतीत त्यांच्या राजकारणाची सारी रीत दिसून येते. ती कशी घडली, हे समजण्यासाठी ते ज्या भूमीतून आले तिच्याकडे वळले पाहिजे.

रांचीच्या दक्षिणेला खुंटीचा मुलूख आहे. लाल माती, साल आणि मोहाची झाडे, मधूनमधून खडकाळ टेकड्या आणि त्यांच्या कुशीत भाताची खाचरे, असे त्याचे रूप. येथे मुंडा लोकांची वस्ती आहे. पूर्वजांनी जंगल तोडून जी जमीन प्रथम लागवडीखाली आणली, ती त्या कुळाची सामाईक मालमत्ता, अशी त्यांची जुनी रीत. तिला ते खुंटकट्टी म्हणत. जमीन एका माणसाची नसे आणि राजाचीही नसे. ती गाव वसवणाऱ्या कुळाची असे. गावातील तंटे पंच बसून मिटवीत. इंग्रजी अमलात या व्यवस्थेवर जमीनदार, ठेकेदार आणि सावकार यांची पकड बसली. बाहेरून येऊन जमीन बळकावणाऱ्या अशा माणसाला तिथे ‘दिकू’ म्हणतात. दिकूंच्या विरुद्ध एकोणिसाव्या शतकात वारंवार बंडे झाली. १८३१-३२ मध्ये कोल उठले, १८५५ मध्ये संथाळ उठले आणि १८९९-१९०० मध्ये बिरसा मुंडा यांच्या नेतृत्वाखाली खुंटीच्याच परिसरात उलगुलान, म्हणजे महाविद्रोह झाला. बिरसांचा ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, १९०८ मध्ये, सरकारने छोटा नागपूर कूळ कायदा केला आणि आदिवासींची जमीन इतरांच्या हाती जाण्यावर निर्बंध घातले. न्यायालयात आणि कचेरीत जे मिळाले नाही ते बंडानंतर मिळाले, हा धडा त्या मुलखाच्या मनावर कोरला गेला.

बिरसांच्या मृत्यूनंतर सुमारे अडीच वर्षांनी, ३ जानेवारी १९०३ रोजी, याच भागातील टकरा या गावी जयपालसिंगांचा जन्म झाला. त्यांचे लहानपणचे नाव प्रमोद पाहन. पाहन म्हणजे गावचा पुजारी. गुरे राखणारा हा मुलगा रांचीला मिशनच्या सेंट पॉल शाळेत गेला. शाळेचे मुख्याध्यापक कॅनन कॉसग्रेव्ह यांना त्याची बुद्धी दिसली आणि पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास ते त्याला आपल्याबरोबर इंग्लंडला घेऊन गेले. तेथे तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकला. अर्थशास्त्र हा त्याचा विषय होता आणि हॉकी हे त्याचे वेड. विद्यापीठाच्या हॉकी संघात खेळून त्याने ऑक्सफर्डचा ‘ब्ल्यू’ हा मान मिळवला.

पुढे त्यांची इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी निवड झाली. त्या काळी भारतीय तरुणाला याहून मोठी नोकरी नव्हती. प्रशिक्षण चालू असतानाच १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकसाठी भारतीय संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले. त्यांनी रजा मागितली. ती मिळाली नाही. ते तरीही खेळायला गेले. त्या स्पर्धेत भारताने पाच सामन्यांत एकोणतीस गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. २६ मे १९२८ रोजी हॉलंडला तीन गोलांनी हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. परंतु मतभेदांमुळे जयपालसिंग त्याआधीच संघातून बाहेर पडले होते आणि अंतिम सामन्याला कर्णधार मैदानावर नव्हता. इंग्लंडला परतल्यावर त्यांना प्रशिक्षणाचा काळ वाढवून घेण्यास सांगण्यात आले. ते त्यांना मान्य झाले नाही आणि त्यांनी ती नोकरीच सोडून दिली. मानी स्वभावाचा माणूस आयुष्यात जे मिळवतो आणि जे गमावतो, त्याची चुणूक या एका वर्षात दिसली. विजयाच्या अगदी जवळ जाऊन ऐन वेळी तेथे नसणे, हे त्यांच्या नशिबी पुन्हा एकदा येणार होते.

नंतरची दहा वर्षे भटकंतीची गेली. त्यांनी तेलाच्या कंपनीत नोकरी केली, आफ्रिकेच्या गोल्ड कोस्ट वसाहतीत, म्हणजे आजच्या घानात, आचिमोटा येथील कॉलेजात शिकवले, रायपूरच्या राजकुमार कॉलेजात काम केले आणि मग बिकानेर संस्थानच्या सेवेत ते शिरले. इतकी वर्षे बाहेर काढलेला हा माणूस रांचीला परतला नसता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. परंतु रांचीत तेव्हा काहीतरी घडत होते. शिकलेल्या आदिवासी तरुणांनी १९१५ च्या सुमारास छोटा नागपूर उन्नती समाज नावाची संस्था काढली होती. शिक्षण, नोकऱ्या, जमीन अशा प्रश्नांवर ती सरकारला अर्ज करी. १९३८ मध्ये निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन आदिवासी महासभा स्थापन झाली. मुंडा, उराँव, हो, संथाळ आणि खडिया, तसेच ख्रिस्ती झालेले आणि जुना धर्म पाळणारे, या सर्वांना एका छत्राखाली आणील असा माणूस तिला हवा होता. जानेवारी १९३९ मध्ये रांचीत भरलेल्या महासभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष जयपालसिंग झाले. लोक त्यांना ‘मरांग गोमके’ म्हणू लागले. मरांग गोमके म्हणजे थोर पुढारी. छोटा नागपूरमध्ये आजही ही पदवी त्यांच्या नावाला जोडली जाते.

महासभेची मागणी स्वच्छ होती. छोटा नागपूर आणि संथाळ परगणा बिहारपासून वेगळे करा आणि आदिवासींना त्यांचा प्रांत द्या. त्या काळच्या राष्ट्रीय राजकारणात ही मागणी पुष्कळांना रुचली नाही. दुसऱ्या महायुद्धात जयपालसिंगांनी इंग्रजांच्या युद्धप्रयत्नांना साहाय्य केले, यामुळे गैरसमज आणखी वाढला. काँग्रेसचे नेते तुरुंगात असताना सैन्यभरतीला हातभार लावणारा माणूस देशभक्तांना कसा आवडावा? त्यांच्या चरित्रातील ही बाजू झाकण्यासारखी नाही. तिच्या मुळाशी असलेली शंकाही समजून घेतली पाहिजे. इंग्रज गेल्यावर राज्य कोणाचे येणार? आदिवासीच्या अनुभवात जमीन हिरावून घेणारा दिकू हा बहुधा हिंदी माणूसच होता. स्वराज्य म्हणजे दिकूंचे राज्य तर होणार नाही ना, हे भय त्या समाजात खरोखरीचे होते.

म्हणूनच १९४६ च्या भाषणाला महत्त्व आहे. आपल्या लोकांचा इतिहास हा शोषणाचा, बेदखल होण्याचा आणि अधूनमधून होणाऱ्या बंडांचा इतिहास आहे, असे त्यांनी त्या सभेला स्पष्ट सांगितले. सहा हजार वर्षे ज्यांची उपेक्षा झाली ते हे लोक, असा त्यांचा हिशेब होता. येथे बसलेले बहुतेक सर्वजण मागाहून आलेले आहेत, असेही ते म्हणाले. आणि एवढे सर्व ऐकवून झाल्यावर, आपण नेहरूंच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि स्वतंत्र भारतात नवा अध्याय सुरू होईल असे मानतो, असे त्यांनी जाहीर केले. आधी गाऱ्हाणे आणि मग विश्वास, असा तो क्रम होता. गाऱ्हाणे न सांगता विश्वास दाखवला असता तर ती खुशामत ठरली असती. विश्वास न दाखवता केवळ गाऱ्हाणे सांगितले असते तर सभागृहाचे कान बंद झाले असते.

२२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वजाच्या ठरावावर ते बोलले, तेव्हाही हीच रीत दिसली. आदिवासींच्या गावागावाला स्वतःचा ध्वज असतो आणि दुसरी जमात त्याची नक्कल करू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. आता आमच्या गावांत दोन ध्वज फडकतील, एक आमचा प्राचीन आणि दुसरा सर्व देशाचा, असे म्हणून त्यांनी तिरंग्याचे स्वागत केले. आपले वेगळेपण राखून देशाचा होता येते, हे त्यांना सांगायचे होते.

घटना समितीतील त्यांचे काम मुख्यतः तीन गोष्टींभोवती फिरले. पहिली गोष्ट नावाची. घटनेच्या मसुद्यात ‘अनुसूचित जमाती’ हा शब्दप्रयोग आला आणि भाषांतरात ‘बनजाति’ असा शब्द योजला गेला. जयपालसिंगांनी त्यावर हरकत घेतली. आमचे बहुतेक लोक जंगलात राहत नाहीत, मग हा शब्द कशासाठी? आम्हाला आदिवासी म्हणा, असा त्यांचा आग्रह होता. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला कायदेपंडिताच्या भूमिकेवरून उत्तर दिले. आदिवासी हा सामान्य अर्थाचा शब्द आहे, त्याला कायद्यात निश्चित अर्थ नाही. अनुसूचित जमाती म्हटले की कोणत्या जमाती ते यादीने ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. दोघेही उपेक्षितांचे प्रतिनिधी. एकाला हक्क बजावता येईल असा नेमका शब्द हवा होता आणि दुसऱ्याला मान राखणारा शब्द हवा होता. कायद्यात बाबासाहेबांचा शब्द राहिला. बोलण्यात मात्र जयपालसिंगांचा शब्द रुजला. महाराष्ट्र शासनाच्या संबंधित खात्याचे नावच ‘आदिवासी विकास विभाग’ असे आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. त्याच काळात मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तथाकथित मूळ रहिवासी म्हणजे वस्तुतः मागासलेले हिंदूच होत, असे प्रतिपादन केले होते. उलट या लोकांचे जीवन बाहेरच्या आक्रमणापासून जपले पाहिजे, असे व्हेरियर एल्विन लिहीत होते. या दोन मतांच्या ओढाताणीत, स्वतः आदिवासींचे म्हणणे काय, हे सांगणारा आवाज जयपालसिंगांचा होता. आम्हाला विरघळवू नका आणि संग्रहालयातही ठेवू नका, आमचा कारभार आमच्या हाती द्या, असा त्यांच्या भूमिकेचा सारांश सांगता येईल.

दुसरी गोष्ट वहिवाटीची. नोव्हेंबर १९४८ मध्ये दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व चर्चेला आले, तेव्हा तांदळाची बियर हा आदिवासींच्या धर्मविधींचा भाग आहे, याची आठवण त्यांनी सभागृहाला दिली. गांधीजींच्या मृत्यूला वर्षही झाले नव्हते. अशा वेळी दारूबंदीविरुद्ध बोलणे लोकप्रिय होण्यासारखे नव्हते. तरीही ते बोलले, कारण बहुसंख्यांचा सदाचार हा आपोआप सर्वांचा सदाचार होत नाही, हे सांगणे त्यांना आपले कर्तव्य वाटले.

तिसरी गोष्ट अधिकाराची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. आदिवासी भागांच्या कारभाराचा विचार करण्यासाठी घटना समितीने ज्या उपसमित्या नेमल्या, त्यांपैकी आसामबाहेरच्या प्रांतांसाठी असलेल्या उपसमितीचे अध्यक्ष अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा होते. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे हे जुने सेवक भिल्लांच्या सेवेत आयुष्य घालवलेले. जयपालसिंग या उपसमितीचे सभासद होते. आसामसाठीची उपसमिती गोपीनाथ बार्डोलोई यांच्या अध्यक्षतेखाली होती. या दोन प्रयत्नांतून घटनेची पाचवी आणि सहावी अनुसूची उभी राहिली. दोहोंतला फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. आसामच्या डोंगराळ जिल्ह्यांत आदिवासी बहुसंख्य होते. तेथे सहाव्या अनुसूचीने स्वायत्त जिल्हा परिषदा आल्या आणि त्यांना जमीन, जंगल, रूढी यांविषयी नियम करण्याचा अधिकार मिळाला. मध्य भारतातील आदिवासी मात्र बिगर-आदिवासींत मिसळून राहत होते. तेथे पाचव्या अनुसूचीने जमाती सल्लागार परिषदा आल्या. मूळ मसुद्यात, परिषदेने सल्ला दिल्यास एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू न करण्याचे बंधन राज्यपालावर होते. १९४९ मध्ये हा भाग बदलला आणि बहुतेक अधिकार राज्यपालाच्या विवेकावर सोपवला गेला. परिषद सल्ला देण्यापुरती राहिली. संख्येचा तराजू येथेही आपले काम करून गेला. सल्लागार परिषद शक्य तितक्या राज्यांत असावी असा जयपालसिंगांचा आग्रह होता. अनुसूचित क्षेत्र नसलेल्या राज्यातही राष्ट्रपतींच्या आदेशाने ती स्थापन करता येईल, अशी तरतूद घटनेत आली.

दिल्लीत घटनेची कलमे तपासली जात असताना तिकडे मुलखात रक्त सांडले होते. १ जानेवारी १९४८ रोजी सराईकेला आणि खरसावाँ ही छोटी संस्थाने ओरिसात विलीन व्हायची होती. त्याला विरोध करण्यासाठी खरसावाँच्या बाजाराच्या मैदानात हजारो आदिवासी जमले. जयपालसिंगांचे भाषण ऐकायला ते आले होते. ते त्या दिवशी तेथे पोचू शकले नाहीत. जमावावर ओरिसाच्या पोलिसांनी गोळीबार केला. किती माणसे मेली, याचा सरकारी आकडा आणि लोकांच्या स्मरणातला आकडा यांत फार मोठी तफावत आहे. त्याच वर्षी मे महिन्यात ही संस्थाने बिहारला जोडण्यात आली. छोटा नागपूरमध्ये नववर्षाचा पहिला दिवस आजही शोकाचा दिवस म्हणून पाळला जातो.

घटना झाली, निवडणुका आल्या. महासभेचे रूपांतर झारखंड पक्षात झाले आणि त्याचे दार बिगर-आदिवासींनाही उघडले गेले. हा निर्णय साध्या हिशेबातून आला होता. मागितलेल्या प्रदेशात आदिवासी निर्भेळ बहुमतात नव्हते; प्रांत हवा असेल तर प्रांतात राहणाऱ्या सर्वांचा हवा. कोंबडा हे चिन्ह घेऊन पक्ष १९५२ च्या निवडणुकीत उतरला आणि त्याने बिहार विधानसभेत ३२ जागा जिंकल्या. पाटण्यात तो प्रमुख विरोधी पक्ष ठरला. जयपालसिंग स्वतः लोकसभेत गेले आणि मृत्यूपर्यंत प्रत्येक निवडणुकीत निवडून आले. १९५७ मध्ये पक्षाचे बळ जवळजवळ तेवढेच राहिले. त्या वर्षी पूर्व रांचीतून पक्षाच्या पाठिंब्यावर मिनू मसानी लोकसभेवर निवडून आले. मुंबईचे हे पारशी गृहस्थ एके काळी त्या शहराचे महापौर होते. पक्षाचे दार किती उघडले होते, हे यावरून दिसते. आपली जागा बाहेरच्या माणसाला का द्यावी, असा प्रश्न पक्षातले आदिवासी कार्यकर्ते विचारू लागले, यातही नवल नव्हते.

खरी कसोटी राज्य पुनर्रचना आयोगापुढे झाली. मराठी श्रोत्यांना हा आयोग चांगला स्मरतो. संयुक्त महाराष्ट्राची मागणी नाकारून द्वैभाषिक मुंबई राज्याची आणि वेगळ्या विदर्भाची शिफारस करणारा तोच हा १९५५ चा अहवाल. त्याच अहवालाने झारखंडलाही नकार दिला. झारखंड पक्षाला त्या भागात निर्विवाद बहुमत मिळालेले नाही, आदिवासी तेथे सुमारे एक तृतीयांश आहेत, तेही अनेक भाषांत विभागलेले आहेत, आणि खाणी व कारखान्यांचा हा दक्षिण भाग वेगळा काढल्यास उरलेल्या बिहारचा आर्थिक तोल जाईल, अशी कारणे देण्यात आली. मराठी माणसाच्या हाती एक भाषा होती. त्या भाषेच्या बळावर लढा झाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य आले. मुंडारी, हो आणि संथाळी या भाषा एका कुळातल्या, तर उराँवांची कुडुख द्राविडी कुळातली. बाजारात सर्वांना जोडणारी सादरी ही आणखी निराळी. भाषावार प्रांतरचनेच्या युगात हा मुलूख कोणत्या भाषेच्या नावाने राज्य मागणार? ज्या निकषाने इतरांना न्याय मिळाला, तो निकषच त्याच्या उपयोगाचा नव्हता.

आर्थिक कारणाचा अर्थ तर आणखी कठोर होता. झरियाचा कोळसा आणि जमशेदपूरचे पोलाद हे देशाच्या उद्योगांचे आधार. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले, धरणे उभी राहिली. पुढे रांचीजवळ अवजड यंत्रांचा कारखाना आला. देशाला या सर्वांची गरज होती, याविषयी दुमत नाही. परंतु प्रत्येक धरणाखाली आणि प्रत्येक कारखान्याखाली कोणाची तरी जमीन गेली आणि प्रत्येक नव्या वसाहतीत बाहेरून माणसे आली. त्याबरोबर आदिवासींचे संख्येतील प्रमाण आणखी उतरले. भूमी संपन्न असल्यामुळे ती सुटेना, आणि संपन्नतेमुळे येणाऱ्या लोकांनी मूळचा माणूस अल्पसंख्य होत गेला. त्याच काळात छोटा नागपूरची कुटुंबे आसामच्या चहामळ्यांत मजुरीला गेलेली होती. स्थलांतर केले म्हणून आदिवासीचे आदिवासीपण जाऊ नये, असे जयपालसिंग घटना समितीत सांगत होते. तसे झाले नाही. जमातींच्या याद्या राज्यवार ठरल्या आणि चहामळ्यांतील हे लोक आसामच्या यादीबाहेर अनेक दशके राहिले.

१९६२ मध्ये झारखंड पक्षाच्या जागा वीसवर आल्या. पक्षाकडे पैसा नव्हता, आमदार फुटत होते, ख्रिस्ती आणि बिगर-ख्रिस्ती आदिवासींमधील दुरावा वाढत होता, आणि राज्याची मागणी आयोगाने फेटाळल्यावर कार्यकर्त्यांना पुढची वाट दिसत नव्हती. अशा स्थितीत जून १९६३ मध्ये जयपालसिंगांनी झारखंड पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. त्यांना बिहारच्या मंत्रिमंडळात काही काळ स्थानही मिळाले. बाहेर राहून पंचवीस वर्षांत जे जमले नाही ते आत जाऊन साधावे, असा त्यांचा हिशेब असावा. परंतु तो चुकला. राज्य मिळाले नाही आणि पक्षही राहिला नाही. जे कार्यकर्ते काँग्रेसमध्ये गेले नाहीत, त्यांचे अनेक गट पडले. अल्पसंख्य समाजाच्या प्रतिनिधीपाशी सत्ता नसते. आपल्या लोकांनी आपणामागे उभे राहावे, हेच त्याचे बळ. मोठ्या पक्षात शिरताना ते बळ बाहेर उभे राहिले आणि पुढारी एकटा आत गेला. जो १९२८ मध्ये संघाचा कर्णधार होता आणि अंतिम सामन्याला मैदानावर नव्हता, त्याच्या वाट्याला हे दुसऱ्यांदा आले.

१९६७ मध्ये ते काँग्रेसतर्फे खुंटीतून लोकसभेवर निवडून आले. २० मार्च १९७० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. आपले विलीनीकरण चुकले असे ते अखेरच्या दिवसांत बोलत, असे सांगितले जाते. त्यांच्या मागे नव्या पिढीने नव्या संघटना उभारल्या. पूर्वी इंग्रजीतून मांडली गेलेली मागणी आता खाणीत, शेतात आणि रस्त्यावर मांडली जाऊ लागली. त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीच्या दिवशी झारखंड राज्य अस्तित्वात आले. चार राज्यांतला जो मुलूख मागितला होता, त्यांपैकी केवळ बिहारचा भाग त्यात आला. २०११ च्या जनगणनेत या राज्यातील अनुसूचित जमातींचे प्रमाण शंभरात सव्वीस होते. ज्यांच्या नावाने राज्य मागितले ते आपल्या राज्यातही अल्पसंख्यच आहेत.

मग या माणसाच्या जीवनाचा जमाखर्च कसा मांडावा? कर्णधार असून अंतिम सामन्याला नव्हता, पक्ष काढला आणि स्वतःच मिटवला, राज्य मागितले आणि पाहिले नाही. असे मांडले तर ती अपयशाची कहाणी होते. परंतु १९४६ च्या त्या सभेत त्यांनी जे सांगितले, ते पन्नास वर्षांनी कायद्याच्या भाषेत परत आले. १९९६ मध्ये संसदेने अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा केला आणि गावाच्या रूढी, गावाची साधनसंपत्ती आणि गावाचे तंटे यांविषयी ग्रामसभेचा अधिकार मान्य केला. २००६ मध्ये वनहक्काचा कायदा आला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाने त्या कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. सर्व गाव एकत्र बसते, सर्वांचे मत होईपर्यंत बोलते आणि मगच निर्णय घेते, अशी त्या गावाची ख्याती आहे. लोकशाहीची रीत आदिवासींकडून शिका, हे जयपालसिंगांचे बोल ज्यांना त्या वेळी अतिशयोक्तीचे वाटले असतील, त्यांना त्यांचा अर्थ या गावात समजला असता.

बहुमताने राज्य चालते, हे खरे. परंतु ज्यांना बहुमत कधीच मिळायचे नाही, त्यांचे म्हणणे आठवणीत ठेवण्याचे काम मतमोजणी करीत नाही. त्यासाठी उभा राहून बोलणारा माणूस लागतो. जयपालसिंग हरणाऱ्या बाजूने चोवीस वर्षे बोलत राहिले. घटना समितीच्या इतिवृत्तात त्यांची भाषणे जशीच्या तशी छापलेली आहेत, आणि टकराच्या आसपासच्या गावांत त्यांना आजही मरांग गोमके म्हणतात.